खिशातले टपाल आणि खिशातली रोजनिशी

तालुक्याच्या गावी मोबाइल घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "कितीपर्यंतचा दाखवू?" गिऱ्हाईक उलट विचारते, "कॅमेरा कसा आहे?" या दोन प्रश्नांत सौदा उरकतो. वास्तविक ज्या प्रश्नाने सुरुवात व्हायला हवी तो राहूनच जातो. तो प्रश्न असा की, हे यंत्र आपल्याला हवे तरी कशासाठी?

तुम्ही शाळेचे मुख्याध्यापक असा, दूध संस्थेचे सचिव असा किंवा पंचायतीतले कारकून असा. करमणूक बाजूला ठेवली, तर कामाच्या माणसाला या यंत्राकडून दोनच गोष्टी हव्या असतात. एक, कचेरीचे टपाल वेळेवर हाती यावे. दुसरी, आपल्या दिवसाचे टाचण जवळ असावे; म्हणजे कोणती बैठक केव्हा, कोणाचा पत्ता काय, कोणते काम राहिले. इतिहासाच्या मास्तराने मोबाइलवर कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. पण ही दोन कामे एका डबीत कशी आली, याची हकीकत इतिहासच आहे. आणि ती ठाऊक असली की दुकानात उभे राहून काय विचारायचे हे आपोआप कळते.

टाचण ठेवण्याची विद्या आपल्याला नवी नाही. पेशव्यांच्या दप्तरातल्या रोजकीर्दी इतिहासाचे अभ्यासक आजही चाळतात. आज काय आले, काय गेले, कोणाला काय आज्ञा झाली, हे त्या त्या दिवशी लिहून ठेवायचे, ही शिस्त त्या कारकुनांना होती. पण दप्तर हे दप्तर. ते बासनात बांधलेले असते, खिशात मावत नाही. खिशात मावणारे दप्तर करण्याचा खटाटोप विसाव्या शतकात झाला. लंडनमध्ये १९२१ साली 'फायलोफॅक्स' नावाची वही निघाली. मूळ कल्पना अमेरिकेतल्या 'लेफॅक्स'ची. तिच्यात मोठी युक्ती एकच होती. पाने शिवलेली नसत; कड्यांत अडकवलेली असत. जुने पान काढावे, नवे घालावे, पत्त्यांची पाने वेगळी, तारखांची वेगळी. वर्ष संपले म्हणून सगळे पत्ते पुन्हा उतरवून काढायला नकोत. साधी गोष्ट, पण पुढच्या सगळ्या यंत्रांचे मूळ या साध्या गोष्टीत आहे.

वहीचे यंत्र झाले ते १९८४ साली. इंग्लंडमधल्या सायन या कंपनीने 'ऑर्गनायझर' नावाचे एक यंत्र विकायला काढले. दिसायला ते हिशेबाच्या कॅलक्युलेटरसारखे. पडदा एका ओळीचा. त्यात सोळाच अक्षरे मावत. त्यात लिहिलेली माहिती एका छोट्या पेटीत साठे, आणि ती पुसायची तर पेटी बाहेर काढून तिच्यावर अतिनील किरण सोडावे लागत. आज आपल्याला हसू येईल. पण माणसाने आपली आठवण यंत्राच्या हवाली करायला येथून सुरुवात केली, बरं का!

त्यानंतर अमेरिकेत ॲपल कंपनीने या कामात मोठी उडी घेतली. तिचे प्रमुख जॉन स्कली यांनी १९९२ च्या जानेवारीत अशा यंत्राला 'पर्सनल डिजिटल असिस्टंट', म्हणजे खाजगी मदतनीस, असे भारदस्त नाव दिले. पुढच्याच वर्षी, १९९३ मध्ये, 'न्यूटन' बाजारात आले. पडद्यावर हाताने लिहावे आणि यंत्राने ते वाचावे, अशी त्याची प्रतिज्ञा होती. पण यंत्र एक लिहिले की दुसरेच वाची. व्यंगचित्रकारांनी त्याची यथेच्छ खिल्ली उडवली. किंमतही जबर, आणि आकार असा की खिशात घालावे तर खिसा फाटावा. १९९८ मध्ये कंपनीने ते बंद केले.

मग यश कोणाला आले? जेफ हॉकिन्स नावाच्या एका अभियंत्याला. त्याची गोष्ट शिक्षकांनी मुलांना सांगावी अशी आहे. यंत्र बांधण्याआधी त्याने सदऱ्याच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा एक ठोकळा कापला. तो ठोकळा तो खिशात घालून हिंडे. कोणी बैठकीची वेळ विचारली की ठोकळा काढून त्यावर काडीने लिहिल्यासारखे करी. आपण हे खिशातून किती वेळा काढतो, कशासाठी काढतो, आणि तेवढ्यासाठी किती कळा पुरतात, हे तो पाहत होता. म्हणजे "कशासाठी?" हा प्रश्न त्याने आधी सोडवला आणि यंत्र मागाहून केले. १९९६ साली 'पाम पायलट' निघाले. तारखा, पत्ते, करावयाची कामे आणि टिपणे, या चार कामांना चार कळा. दोन बारक्या बॅटऱ्यांवर ते कित्येक आठवडे चाले. पहिल्या यंत्राची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती. आज तुमच्या मोबाइलमधल्या एका छायाचित्रालाही ती पुरणार नाही.

हस्ताक्षराचा प्रश्न हॉकिन्सने उलट बाजूने सोडवला. यंत्राने माणसाची सगळी वळणे शिकावीत हा हट्ट त्याने सोडला. त्याऐवजी माणसाने थोडी सोपी, एका फटकाऱ्यात होणारी अक्षरे शिकावीत, असे ठरवले. आपल्या मोडीची आठवण व्हावी अशी ही गोष्ट आहे. भरभर लिहिता यावे म्हणून तिथेही अक्षरांची वळणे बदललीच होती. लोक ती अक्षरे थोड्याच सरावात शिकले, आणि पहिल्या दीड वर्षात अशी दहा लाखांवर यंत्रे खपली.

पामची आणखी एक युक्ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. टेबलावर एक छोटी बैठक असे. तीत यंत्र ठेवून एक कळ दाबली, की यंत्रातले सगळे टाचण संगणकात उतरे आणि संगणकातले यंत्रात येई. एक प्रत खिशात, एक प्रत घरी. यंत्राची बॅटरी पार संपली तर त्यातली माहिती नाहीशी होई. पण घरच्या प्रतीमुळे माणूस उघडा पडत नसे.

हा झाला टाचणाचा प्रवाह. आता टपालाकडे वळू.

संगणकावरून एका माणसाने दुसऱ्या संगणकावरच्या माणसाला पत्र धाडण्याची सोय अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली केली. पत्त्यातले '@' हे चिन्हही त्यांनीच योजले. पण पत्र आले की ते ठेवायचे कोठे, हा प्रश्न पुढे बरीच वर्षे चालला. याला दोन रीती निघाल्या. पहिलीचे नाव 'पॉप'. ही सरधोपट रीत: टपाल कचेरीत जावे, आपली पत्रे उचलावी आणि घरी आणावी. कचेरीत मग काही उरत नाही. घर जळाले तर पत्रेही जळाली. दुसरी रीत 'आयमॅप'. ती मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात घडवली. हिच्यात पत्रे टपाल कचेरीतल्या तुमच्या पेटीतच राहतात. तुम्ही कोठूनही ती पेटी उघडून वाचता. एका ठिकाणी वाचलेले पत्र दुसऱ्या ठिकाणीही 'वाचलेले' दिसते. हा फरक ध्यानात ठेवा. दुकानातल्या कोणत्याही जाहिरातीपेक्षा तो महत्त्वाचा आहे.

तरीसुद्धा पत्र आले की नाही हे पाहायला आपणच कचेरीत खेटे घालायचे, हे काही चुकत नव्हते. ते थांबवले कॅनडातल्या एका कंपनीने. वॉटर्लू या गावी माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन यांनी १९८४ साली 'रिसर्च इन मोशन' ही कंपनी काढली होती. तिने १९९९ मध्ये 'ब्लॅकबेरी' आणली. कळफलकावरच्या बारीक कळा फळाच्या दाण्यांसारख्या दिसतात, त्यावरून हे नाव सुचले असे सांगतात. हे सुरुवातीला टेलिफोनही नव्हते; पत्र वाचायचे आणि दोन अंगठ्यांनी उत्तर टंकायचे, हेच त्याचे मुख्य काम. एका साध्या बॅटरीवर ते चाले. पण त्यात खुबी अशी की पत्र आले की ते स्वतःहून खिशात येई. पोस्टमन दारात येऊन हाक मारू लागला म्हणा ना! शिवाय पत्र बंद लिफाफ्यात, म्हणजे सांकेतिक भाषेत, प्रवास करी. वाटेत कोणाला वाचता येत नसे. कचेऱ्यांना हेच हवे होते.

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कवर हल्ला झाला. त्या दिवशी टेलिफोनच्या तारा आणि मोबाइलचे मार्ग तुंबून गेले. ब्लॅकबेरीचे निरोप मात्र पोहोचत राहिले. त्यानंतर अमेरिकेच्या संसद सदस्यांना ही यंत्रे देण्यात आली. संकटात उपयोगी पडली ती वस्तू खरी, अशी लोकांची खात्री पटली.

टपाल आणि टाचण एकत्र करण्याचे प्रयत्न याआधीही झाले होते. आयबीएम कंपनीचा 'सायमन' १९९४ मध्ये अमेरिकेत विकायला आला. त्यात टेलिफोन होता, तारखा होत्या, पत्ते होते, टपालही होते. पण वजन सुमारे अर्धा किलो, आणि बोलायला लागले की बॅटरी तासाभरात गार! सुमारे ५०,००० यंत्रे खपली आणि प्रकरण मिटले. १९९६ मध्ये फिनलंडच्या नोकियाने 'कम्युनिकेटर' काढला. तो चष्म्याच्या घरासारखा उघडे आणि आत पुरा कळफलक निघे. वजन ३९७ ग्रॅम. चांगला होता, पण महाग. पुढे २००२ मध्ये ब्लॅकबेरीत टेलिफोन आला. त्याच वर्षी हॉकिन्सच्या दुसऱ्या कंपनीचा 'ट्रिओ' निघाला, त्यातही टेलिफोन आणि टाचण एकत्र होते. असे दोन्ही प्रवाह एकमेकांना येऊन मिळाले.

मग ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी 'आयफोन' दाखवला. कळफलक गेला, सगळा पडदाच झाला. कामाच्या माणसांनी आधी नाके मुरडली, आणि त्यात तथ्य होते. कारण कचेऱ्यांत सर्रास चालणाऱ्या टपाल व्यवस्थेशी पहिल्या आयफोनचे धड जमत नव्हते. ती उणीव २००८ च्या जुलैत भरून निघाली, आणि त्याच वेळी इतरांनी केलेली ॲप विकत घेण्याचे दुकानही उघडले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन अमेरिकेत विक्रीला आला. येथून पुढचे राज्य या दोघांचे.

आणि जुन्या राज्यांचे काय झाले? पाम कंपनी २०१० मध्ये एचपीने विकत घेतली आणि २०११ च्या ऑगस्टमध्ये तिची यंत्रे बंद झाल्याचे जाहीर झाले. ब्लॅकबेरीचे सगळे टपाल कंपनीच्या स्वतःच्या केंद्रांतून जाई. ऑक्टोबर २०११ मध्ये त्यात बिघाड झाला, तेव्हा युरोपापासून भारतापर्यंतची लाखो माणसे दोन-तीन दिवस खोळंबून राहिली. शेवटी ४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या ब्लॅकबेरी यंत्रांच्या सेवा कंपनीने कायमच्या थांबवल्या. राजे-महाराजांना ज्याचा लोभ होता ते यंत्र एका दिवसात पेटीतले शोभेचे दगड झाले.

आपल्या देशाची हकीकत थोडक्यात सांगतो. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी पहिले मोबाइल संभाषण केले. त्यानंतर पंधरा दिवसांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमने सामान्य माणसाला इंटरनेट खुले केले. टपाल आणि टेलिफोन दोन्ही एकाच पंधरवड्यात आले, असा हा योग. पुढे बंगलोरच्या शास्त्रज्ञांनी 'सिंप्युटर' नावाचे हातात मावणारे यंत्र केले. ते २००४ मध्ये बाजारात आले. एका गावात एकच यंत्र घ्यावे, प्रत्येकाने आपले कार्ड त्यात घालून आपले काम करावे, आणि न वाचता येणाऱ्याला यंत्राने भारतीय भाषेत वाचून दाखवावे, अशी ती कल्पना होती. खप झाला नाही. पण विचार गावाचा होता, हे विसरू नये.

ब्लॅकबेरी आपल्याकडे २००४ मध्ये आली. तिची पत्रे सांकेतिक असल्यामुळे सुरक्षेच्या दृष्टीने ती वाचता यावीत, असा आग्रह भारत सरकारने धरला. २०१० मध्ये मुदतही घालून दिली. अखेर कंपनीने मुंबईत एक व्यवस्था उभारली. सामान्य ग्राहकांच्या निरोपांपुरता तोडगा निघाला. कचेऱ्यांच्या टपालाची किल्ली मात्र आपल्यापाशीच नाही, असे कंपनी सांगत राहिली. टपाल कोणाच्या पेटीत आहे आणि किल्ली कोणाकडे, हा प्रश्न केवढा मोठा आहे ते यावरून कळते.

आता या इतिहासातून निवड कशी करायची ते पाहू. मी तुम्हाला कोणत्या कंपनीचा घ्या हे सांगणार नाही. पाच प्रश्न सांगतो.

पहिला: माझी प्रत कोठे राहील? पामची बैठक आठवा. टपाल 'आयमॅप' किंवा तशाच रीतीने ठेवा, म्हणजे यंत्र विहिरीत पडले तरी पत्रे शाबूत. तारखा आणि पत्ते यंत्राच्या पोटात न ठेवता खात्यावर ठेवा, आणि ते खाते पुन्हा उघडण्याची व्यवस्था, म्हणजे पर्यायी फोन क्रमांक वगैरे, आजच नीट लावा. तारखांची देवघेव करण्याची 'आयकॅलेंडर' ही सामाईक रीत १९९८ मध्ये ठरली आहे. ती असल्यामुळे एका कंपनीकडचे टाचण दुसरीकडे नेता येते. जे बाहेर काढता येत नाही, तिथे महत्त्वाचे काही लिहू नये.

दुसरा: या यंत्राला दुरुस्ती किती वर्षे मिळेल? सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबल्या की दाराची कडी तुटली म्हणून समजा. २०२३ च्या ऑक्टोबरात गूगलने आणि २०२४ च्या जानेवारीत सॅमसंगने आपल्या वरच्या वर्गातल्या फोनना सात वर्षे दुरुस्त्या देण्याचे जाहीर केले. स्वस्त फोनला ही मुदत बहुधा कमी असते. म्हणून किमतीला वर्षांनी भागून पाहा. दोन वर्षे टिकणारा दहा हजारांचा फोन वर्षाला पाच हजारांना पडतो. पाच वर्षे टिकणारा पंधरा हजारांचा तीन हजारांना. हे गणित चौथीतला मुलगाही करील, पण दुकानात ते कोणी करीत नाही.

तिसरा: त्यात मराठी नीट लिहिता येते का? २०१६ मध्ये भारतीय मानक ब्युरोने फोनवर भारतीय भाषा दिसाव्यात आणि लिहिता याव्यात यासाठी मानक ठरवले. त्यामुळे आज अक्षरे दिसतात. पण तुमच्या बोटाला ती सोपी पडतात का, हे तुम्हीच पाहायचे. दुकानात उभ्या उभ्या 'ज्ञानेश्वर', 'कृष्णा' आणि 'दऱ्याखोऱ्या' हे तीन शब्द लिहून बघा. हात अडला तर कळफलक बदलून बघा.

चौथा: यंत्र हरवले तर? हरवलेले यंत्र दुसरीकडून शोधण्याची किंवा पुसून टाकण्याची सोय पहिल्याच दिवशी चालू करा. '*#०६#' एवढे दाबले की पडद्यावर यंत्राचा पंधरा आकडी क्रमांक येतो. तो वहीत, होय, कागदाच्या वहीत, उतरून ठेवा. मे २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'संचार साथी' या सरकारी व्यवस्थेत तो देऊन हरवलेला फोन बंद पाडता येतो.

पाचवा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: हे यंत्र माझे की कचेरीचे? कचेरीचे खाते स्वतःच्या फोनवर घालताना पुष्कळदा पडद्यावर एक परवानगी मागितली जाते: यंत्र दुरून पुसून टाकण्याचा अधिकार व्यवस्थापकाला द्यावा का? आपण न वाचता 'होय' म्हणतो. म्हणजे उद्या नोकरी सुटली किंवा कोणी चुकीची कळ दाबली, तर कचेरीच्या पत्रांबरोबर मुलीच्या लग्नाची छायाचित्रेही जाऊ शकतात. म्हणून ती परवानगी वाचा. अँड्रॉइडमध्ये कामाचा कप्पा वेगळा ठेवण्याची सोय आहे, तिच्याविषयी विचारा. ती असली तर कचेरीचा हात त्या कप्प्यापुरताच पोहोचतो. सहज जमत असेल तर कामाला वेगळे यंत्र बरे.

पण या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती पैशाची नाही. पत्र स्वतःहून खिशात येऊ लागले, तेव्हा लोकांना पोस्टमनचे कौतुक वाटले. थोड्याच दिवसांत हा पोस्टमन रात्री अकरालाही दार ठोठावू लागला. अमेरिकेत लोक त्या यंत्राला व्यसनाचे नाव देऊन 'क्रॅकबेरी' म्हणू लागले, आणि २००६ मध्ये एका शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायदा लागू झाला, की कामाच्या वेळेनंतर यंत्रापासून दूर राहण्याच्या हक्काविषयी मोठ्या कंपन्यांनी नोकरांशी बोलणी करावीत. आपल्या लोकसभेतही २०१८ च्या डिसेंबरात बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी अशा आशयाचे खाजगी विधेयक मांडले. त्या विधेयकाचा कायदा झाला नाही. गावातल्या शिक्षकाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. रात्री जेवताना "उद्या सकाळी दहापर्यंत माहिती पाठवा" असा निरोप येतो, आणि ताटावरचे मन उठते.

यंत्रावर इलाज यंत्रातच आहे. विशिष्ट वेळेनंतर निरोपाचा आवाज बंद ठेवण्याची सोय प्रत्येक आधुनिक फोनमध्ये असते. ती घरचे नंबर वगळून लावता येते. टपाल दिवसातून तीन ठरावीक वेळी पाहीन, असा नेम करता येतो. निकडीचे असेल तर फोन करा, एवढे वरिष्ठांना आणि सहकाऱ्यांना आधी सांगून ठेवले, की बहुतेक लोक ते पाळतात.

हॉकिन्सने लाकडाचा ठोकळा खिशात घालून स्वतःला विचारले होते, मला हे कशासाठी हवे? तुम्हीही दुकानात जाण्यापूर्वी आठवडाभर खिशात एक कागद ठेवा. फोन खरोखर कामासाठी केव्हा लागला, हे त्यावर टिपत जा. सात दिवसांनी तो कागद घेऊन दुकानात जा. दुकानदाराने "कितीपर्यंतचा दाखवू?" असे विचारले, की तो कागद त्याच्यापुढे ठेवा आणि म्हणा, "एवढे काम करणारा दाखवा."